बायोगॅसवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये टिकेल असा इलेक्ट्रोड कोणता?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरजवळ सांवेर रस्त्याच्या पुढे एका डेअरीवर शेणाचा बायोगॅस प्लांट आहे. त्या गॅसवर सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे एसओएफसी, चालवायचा प्रयत्न चालू आहे. सेलचा ॲनोड, म्हणजे इंधनाच्या बाजूचा इलेक्ट्रोड, नेहमीचाच, निकेल आणि झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइड). सिलिंडरमधल्या हायड्रोजनवर सेल छान चालले. पाण्याच्या स्क्रबरमधून धुतलेला डेअरीचा गॅस सोडल्यावर मात्र व्होल्टेज उतरत गेलं, मध्ये एका रात्री लाइट गेली, आणि त्यानंतर दोन सेल तडकलेले निघाले. मार्गदर्शकांचं म्हणणं, निकेल सोडा आणि पेरोव्स्काइटचा, म्हणजे विशिष्ट स्फटिकरचनेच्या मिश्र धातू-ऑक्साइडचा, ॲनोड बनवा. तर वर्षानुवर्षं टिकेल असं मटेरियल कोणतं?

माझं उत्तर आधीच सांगतो: निकेल सोडू नका. निकेलच्या जोडीला झिर्कोनियाऐवजी गॅडोलिनियम मिसळलेला सेरिया (सेरियम ऑक्साइड) घ्या. आणि जे पैसे नवा ऑक्साइड शोधण्यात घालणार आहात, त्यातले निम्मे तरी ॲनोडच्या आधीच्या पाइपात घाला. बायोगॅसवर ॲनोड सहसा चालता चालता मरत नाही. तो सुरू करताना, बंद करताना आणि गंधकाचा फिल्टर भरलेला कुणाच्या लक्षात येत नाही तेव्हा मरतो. या तिन्ही वेळा सांभाळल्या नाहीत, तर जगातलं कोणतंही मटेरियल तुम्हाला वाचवणार नाही.

हे प्रयत्न सोडून देऊ नका, असंही मला मनापासून सांगायचं आहे. ६० टक्के मिथेन असलेल्या १ घनमीटर बायोगॅसमध्ये साधारण ६ युनिट ऊर्जा असते. डेअरीवरचं छोटं गॅस इंजिन त्यातून दीड-दोन युनिट वीज काढतं. नीट चाललेला एसओएफसी ३ काढतो. इंदूरच्या देवगुराडियाला महापालिकेचा ५५० टन रोजच्या कचऱ्याचा प्लांट फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाला. तिथे कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून बायो-सीएनजी करणं परवडतं, कारण आवाका तेवढा आहे. शंभर-दोनशे जनावरांच्या डेअरीला ते शुद्धीकरण झेपत नाही. एसओएफसीला तो कार्बन डायऑक्साइड काढायची गरजच नसते, उलट मिथेन फोडायला तो उपयोगी पडतो. लहान प्लांटसाठी याहून योग्य यंत्र मला तरी माहीत नाही.

आता मटेरियलकडे वळण्याआधी एक काम करा. मेलेले सेल फेकू नका. मोडून उजेडात बघा, निम्मं निदान डोळ्यांनीच होतं. चालून आलेला निकेलचा ॲनोड मळकट करडा दिसतो. गॅस आत येतो त्या बाजूला काळी भुकटी असेल आणि बोटाला लागत असेल, तर ती काजळी. कडेनं किंवा सीलजवळ पोपटी-हिरवी पट्टी दिसली, तर तिथे हवा शिरली आणि निकेलचं परत निकेल ऑक्साइड झालं. ॲनोडवर तो हिरवा रंग सहसा त्याचाच असतो. पांढरट, काचेसारखा थर असेल तर सिलिका. आणि काहीच दिसत नसेल, ॲनोड अगदी नव्यासारखा असेल आणि तरी व्होल्टेज पडलं असेल, तर संशय गंधकावर घ्या. गंधकाचा थर अणूभर जाडीचा असतो, तो साध्या डोळ्यांना कधीच दिसत नाही.

तुमच्या तडकलेल्या दोन सेलमध्ये हिरवी कड सापडेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण ती लाइट गेलेली रात्र. वीज गेली की ब्लोअर थांबतो, इंधनाचा दाब पडतो, स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलचा गठ्ठा, मात्र अजून सातशे-साडेसातशे अंशांवर असतो. सीलमधून आणि आउटलेटकडून हवा आत शिरते. निकेलचं ऑक्साइड होताना त्याचं आकारमान जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढतं. ॲनोडचा सांगाडा फुगतो आणि त्याला चिकटलेला, काही मायक्रॉन जाडीचा झिर्कोनियाचा इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमधला थर) ताणून फुटतो. एकदा भेग पडली की तिथून हवा आणि इंधन थेट भेटतात, तिथेच जळतात, आणि भेग वाढत जाते. हे गंधकाचं किंवा काजळीचं काम नाही. यावर पेरोव्स्काइटचा ॲनोड खरोखरच चांगला उपाय आहे, कारण तो हवेत गेला तरी फारसा फुगत नाही. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळलेला सिलिंडर आणि वीज गेली की आपोआप उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. स्टॅक ३०० अंशांखाली येईपर्यंत तो गॅस हळू वाहता ठेवायचा. नवा ॲनोड विकसित करण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

त्याच व्हॉल्व्हचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो जिवाशी गाठ असलेला. कार्बन मोनॉक्साइड असलेल्या गॅसमध्ये निकेलचा स्टॅक थंड होऊ दिला, तर २०० अंशांच्या खाली निकेल कार्बोनिल नावाचा अतिशय विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून रिफॉर्म झालेल्या, म्हणजे मिथेन फोडून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड झालेल्या, गॅसमध्ये स्टॅक कधीही थंड करायचा नाही. आधी तो गॅस पूर्ण धुऊन काढायचा, मग तापमान उतरवायचं. हे प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

आता काजळी. इथे एक साधा हिशोब करून बघा, तो कळला की बाकी सगळं कळतं. तुमच्या गॅसचे १०० रेणू घ्या: ६० मिथेनचे, ४० कार्बन डायऑक्साइडचे. कार्बनचे अणू झाले १००, ऑक्सिजनचे ८०. ८०० अंशांच्या आसपास बहुतेक कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो, म्हणजे प्रत्येक कार्बनला एक ऑक्सिजन हवा. ८० कार्बनना जोडीदार मिळतो, २० उरतात. ते घन कार्बन होऊन निकेलवरच बसणार. मटेरियल कितीही चांगलं असो, हा हिशोब बदलत नाही. मिथेनच्या बरोबरीनं वाफ घातली की ऑक्सिजनचे आणखी ६० अणू येतात आणि आपण सुरक्षित बाजूला जातो. तापमान ६५० कडे नेलं तर वाफ अजून वाढवावी लागते, कारण कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइड स्वतःच फुटून कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड होऊ बघतो.

सेलमधून करंट घेत असताना इलेक्ट्रोलाइटमधून ऑक्सिजनचे आयन सतत ॲनोडकडे येत असतात, म्हणजे हिशोबातला ऑक्सिजन वाढतच जातो. याचा अर्थ सगळ्यात धोक्याच्या जागा दोन: गॅस आत येतो तो कोपरा, जिथे अजून करंटचा ऑक्सिजन पोचलेला नाही, आणि लोड काढून सेल नुसता तापत ठेवलेला काळ. बरेच जण रात्री लोड काढतात आणि गॅस चालू ठेवतात. बायोगॅसवर हे करू नये. लोड काढायचा असेल तर गॅसही कमी करा आणि वाफ वाढवा. वाफेची चैन मात्र नको. जास्त वाफेत निकेलचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, जागा सोडतात, आणि शिवाय व्होल्टेजही खाली येतं. ॲनोडमधून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये वाफ भरपूर असते. त्यातला काही भाग परत इनलेटला फिरवला तर वेगळा बॉयलरही लागत नाही.

गंधकावर मी जास्त बोलणार आहे, कारण बायोगॅसच्या कामात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच. शेणाच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड काहीशे ते काही हजार पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असू शकतो. निकेलच्या ॲनोडला १ पीपीएमच्या आसपासही त्रास होतो, आणि तापमान जितकं कमी तितका तो त्रास जास्त. गंधक निकेलच्या पृष्ठभागावर, नेमक्या ज्या जागी मिथेन फुटतो आणि हायड्रोजनचे रेणू तुटतात, तिथेच जाऊन बसतं. पण दोन्ही कामांवर परिणाम सारखा होत नाही. मिथेन फोडण्याचं काम आधी आणि जास्त बिघडतं, हायड्रोजनपासून वीज काढण्याचं काम बराच वेळ चालू राहतं. म्हणून व्होल्टमीटरवर विसंबून राहू नका. मिथेन फुटण्याची क्रिया उष्णता शोषते, त्यामुळे निरोगी सेलचा इनलेट जरा थंड असतो. गंधक बसलं की तो इनलेट तापायला लागतो आणि आउटलेटच्या गॅसमध्ये न फुटलेला मिथेन दिसतो. व्होल्टेज नजरेत भरण्याइतकं उतरण्याच्या आधी ही दोन लक्षणं मिळतात. एक थर्मोकपल इनलेटजवळ आणि आउटलेटचा रोजचा गॅस क्रोमॅटोग्राफ, एवढं ठेवलं तरी पुष्कळ झालं.

यातली दिलाशाची बाजू अशी की थोडं आणि थोड्या वेळासाठी गंधक आलं, तर स्वच्छ हायड्रोजनवर चालवून ॲनोड बऱ्याच अंशी सावरतो. फार वेळ बसून राहिलेलं गंधक मात्र निकेलची रचनाच बदलतं आणि ते परत येत नाही. तुमच्या सेलची ही चाचणी अजून झालेली दिसत नाही. शाबूत राहिलेल्या एखाद्या सेलवर हायड्रोजन सोडा. व्होल्टेज हळूहळू पहिल्या हायड्रोजनवरच्या पातळीकडे वर आलं तर गंधकावरचा संशय बळावतो.

पाण्याच्या स्क्रबरनं तुम्ही काहीशे पीपीएमवर आणलं असेल. एसओएफसीसाठी ते पुरेसं नाही. डायजेस्टरच्या वरच्या जागेत मोजकी हवा सोडून जिवाणूंकडूनच गंधक घन रूपात पाडून घ्यायचं, ही पहिली पायरी. तिचं प्रमाण नीट मोजून ठरवायचं, कारण मिथेनमध्ये हवा हा स्फोटाचा खेळ आहे. दुसरी पायरी लोखंडाच्या ऑक्साइडच्या गोळ्यांचा ड्रम. गोळ्या तांबूस असतात, भरत जातील तशा काळ्या पडतात. भरलेला ड्रम उघडला की त्या हवेत तापतात, कधी पेट घेतात. म्हणून आधी पाण्यानं चिंब करूनच उघडायचा. त्यानंतर पोटॅशचा लेप दिलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि स्टॅकच्या तोंडाशी, ३५०-४०० अंशांवर, झिंक ऑक्साइडचा छोटा थर. प्रत्येक टप्प्याला एकामागे एक दोन भांडी ठेवा आणि नमुना त्या दोघांच्या मधून घ्या. पहिल्यातून गंधक निसटायला लागलं की दुसरं अजून कोरं असतं, आणि बदलायला वेळ मिळतो. नाकावर भरवसा ठेवू नका. १०० पीपीएमच्या वर हायड्रोजन सल्फाइडचा वासच कळेनासा होतो, तिथून पुढे तो जीव घेतो.

मालव्यातल्या प्लांटसाठी एक खास सूचना. डायजेस्टरमध्ये काय पडतं त्याची वही ठेवा. शेणाबरोबर मंडईतला कोबी-फ्लॉवरचा पाला, कांदा, मंदसौर-नीमचकडून येणाऱ्या लसणाची सालं असं काही टाकलं, तर गंधक वाढतंच, शिवाय ते मर्कॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइडच्या रूपातही येतं. ही सेंद्रिय गंधकं लोखंडाच्या ऑक्साइडला फारशी जुमानत नाहीत. कार्बन त्यांना धरतो, पण लवकर भरतो. सोयाबीनची पेंड किंवा डेअरीतलं खराब झालेलं दूध म्हणजे प्रथिनं, म्हणजे पुन्हा गंधक. फिल्टर शेणावर आखलेला आणि डायजेस्टरमध्ये लसूण, असं झालं की ॲनोड गेलाच समजा. सिलिकाची काळजी तुम्हाला त्या मानानं कमी. शांपू आणि सौंदर्यप्रसाधनांतून येणारे सिलोक्सेन सांडपाण्याच्या आणि कचऱ्याच्या गॅसमध्ये असतात. उद्या इंदूरच्या कबीटखेडीच्या मलनिस्सारण केंद्राच्या गॅसवर काम करायचं ठरवलं, तर मात्र कार्बनचा थर दुप्पट धरा.

आता मार्गदर्शकांचं पेरोव्स्काइट. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, ते फक्त कामाच्या एका भागाला लागू पडतं. ॲनोडला एकाच वेळी तीन कामं करावी लागतात: इलेक्ट्रॉन वाहणं, मिथेन फोडणं आणि हायड्रोजनचं ऑक्सिडेशन. निकेल तिन्ही करतं, तेही स्वस्तात. म्हणून इतक्या वर्षांत त्याला कुणी पूर्णपणे हटवू शकलेलं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गोर्टे आणि व्होस यांच्या गटानं २०००मध्ये तांबं आणि सेरियाचा ॲनोड दाखवला. तांबं मिथेन फोडत नाही म्हणून काजळी धरत नाही, पण म्हणूनच वीजही कमी मिळते. शिवाय तांबं १०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे सातशे-आठशे अंशांवरच त्याचे कण गोळा व्हायला लागतात. २००३मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ताओ आणि आयर्विन यांनी लँथनम-स्ट्रॉन्शियम-क्रोमियम-मँगनीजचा पेरोव्स्काइट मांडला. हवा-इंधन, इंधन-हवा असं कितीही उलटसुलट करा, तो टिकतो. पण इंधनाच्या वातावरणात त्याची विजेची वाहकता निकेलच्या सर्मेटपेक्षा (धातू आणि सिरॅमिकचं मिश्रण) शेकडो पटींनी कमी, आणि मिथेनवर तो मंदच चालतो. जॉर्जिया टेकच्या मेइलिन लिऊ यांच्या गटानं २०११मध्ये निकेलवर बेरियम ऑक्साइडची सूक्ष्म बेटं बसवली. ती पाण्याचे रेणू धरतात आणि शेजारचा कार्बन त्या पाण्यानं निघून जातो. कल्पना फार देखणी आहे, पण बायोगॅसमध्ये ३५-४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि बेरियमला कार्बोनेट व्हायला तो निमित्तच देतो. तुमच्या गॅसवर मी ती आधी छोट्या बटण सेलवर तपासून पाहीन, मगच स्टॅकमध्ये घेईन.

मला स्वतःला सर्वांत जास्त आशा वाटते ती एक्सोल्यूशनच्या वाटेबद्दल. ऑक्साइड भाजताना त्याच्या स्फटिकातच निकेल विरघळवून ठेवायचं. पुढे हायड्रोजनमध्ये तापवलं की तेच निकेल पृष्ठभागावर नॅनोमीटर मापाच्या कणांच्या रूपात उगवून येतं. मुद्दा त्या कणांच्या बैठकीचा आहे. बाहेरून फवारलेला कण पृष्ठभागावर नुसता ठेवलेला असतो, कार्बनचा तंतू त्याच्या बुडाखालून वाढतो आणि त्याला उचलून नेतो. उगवून आलेला कण हिरडीतल्या दातासारखा अर्धा आत रुतलेला असतो. कार्बनला त्याच्या बुडाखाली शिरता येत नाही, कण सरकतही नाही. नेआगू, आयर्विन आणि सहकाऱ्यांचं २०१३चं काम या बाबतीत वळण देणारं ठरलं. तुमच्याकडे भट्टी आणि वेळ असेल तर लँथनम-स्ट्रॉन्शियम टायटेनेटमध्ये ए जागा (स्फटिकात लँथनम-स्ट्रॉन्शियम बसतात त्या) थोड्या रिकाम्या ठेवून, चारपाच टक्के निकेल घालून पाहा. प्रबंधासाठी हा उत्तम विषय आहे. डेअरीवरच्या स्टॅकसाठी अजून नाही, कारण मोठ्या क्षेत्रफळाच्या सेलमधून करंट गोळा करण्याचा प्रश्न टायटेनेटनं पूर्ण सुटत नाही.

डेअरीसाठी म्हणूनच निकेल आणि सेरिया. इंधनाच्या वातावरणात सेरियम स्वतःचा ऑक्सिजन देतो आणि परत घेतो, त्यामुळे निकेलच्या शेजारी बसलेला कार्बन तिथल्या तिथे जळतो. गंधकाच्या बाबतीतही निकेल-झिर्कोनियापेक्षा निकेल-सेरिया कमी कोसळतो आणि जास्त सावरतो. सेरिया इलेक्ट्रॉनही वाहतो, म्हणून काही निकेल कण निकामी झाले तरी क्रिया चालायला जागा उरते. अडचण एकच: सेरिया आणि झिर्कोनिया १३०० अंशांच्या पुढे एकत्र भाजले की एकमेकांत विरघळून कमी वाहकतेचा थर बनतो. म्हणून भाजण्याचं तापमान जपा. नवे सेल बनवणं जमत नसेल तर आहेत त्याच निकेल-झिर्कोनियाच्या ॲनोडमध्ये सेरियम आणि गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण मुरवून, सुकवून, भाजून घ्या. हे काम कॉलेजच्या साध्या भट्टीत होतं. फक्त ते ॲनोडचं रिडक्शन (हायड्रोजनमध्ये तापवून निकेल ऑक्साइडचं निकेल करणं) करण्याआधी करा, नाहीतर भाजताना निकेलचं ऑक्साइड होईल आणि पुन्हा तीच हिरवी कड. स्टॅकच्या आधी एक छोटा प्री-रिफॉर्मर, म्हणजे मिथेनचा काही भाग आधीच फोडणारं भांडं, ठेवा, सेरियावर बसवलेल्या निकेलचा. काजळी आणि उरलंसुरलं गंधक त्याला बसू दे. तो मेला तर दोन फ्लँज उघडून बदलता येतो. स्टॅक तसा बदलता येत नाही.

कॅथोडबद्दल, म्हणजे हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडबद्दल, थोडक्यात. लँथनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-फेराइट घेतलं असेल तर त्याच्या आणि झिर्कोनियाच्या मध्ये सेरियाचा पातळ थर हवाच, नाहीतर स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट होऊन वीज अडते. स्टीलच्या इंटरकनेक्टमधून (सेल एकमेकांना जोडणारा भाग) उडणारं क्रोमियम कॅथोडला मारतं, त्यावर मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा लेप द्या. आणि हवा घेणारा ब्लोअर डायजेस्टरच्या किंवा गॅस जाळायच्या फ्लेअरच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवू नका. हवेतला गंधक डायऑक्साइड कॅथोडमधल्या स्ट्रॉन्शियमचं सल्फेट करतो. ॲनोड वाचवण्याच्या नादात कॅथोडच्या तोंडाशी गंधक सोडणारे प्लांट मी पाहिले आहेत.

पुढच्या चाचणीचा क्रम माझ्या मते असा ठेवा. आधी हायड्रोजन, मग सिलिंडरमधले मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड वाफेसकट, मग त्यातच मोजून १ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड आणि त्यानंतर सावरण्याची चाचणी, मग मुद्दाम एकदा हवा आत सोडून पाहणं, आणि सगळ्यात शेवटी डेअरीचा खरा गॅस. सगळं एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. दोन ॲनोडची तुलना पहिल्या दिवसाच्या पॉवरवर करू नका. गंधक येऊन गेल्यावर आणि एकदा हवा शिरून गेल्यावर कोण किती उरतो, ते आकडे शेजारी ठेवा. सेल मोडून पाहिल्यावर इनलेटकडच्या आणि आउटलेटकडच्या तुकड्यांचे फोटो, तसंच लाइट गेलेल्या रात्रीची तापमानाची नोंद पाठवलीत, तर पुढचं नेमकं सांगता येईल.